अर्ध्या तासाची शांतता

कान तुटलेला कप. त्यात दोन पेन्सिली.

लिफ्ट तळाला पोचली की साखळी खणखणते.

"जगाचा अंतच बरा सापडला रे तुला माझ्यासाठी. एखादी प्रेमकथा द्यायचीस," त्याची थोरली बहीण, ताई, वाचायला बसताना म्हणाली होती.

काचेपलीकडे आता वाचणाऱ्याची रिकामी खुर्ची, गादी मध्यभागी खचलेली.

अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची, हे त्याचं काम. सुरुवातीला वाचणाऱ्याला मिनिटभर गप्प बसवायचं आणि खोलीची नुसती शांतता टिपून ठेवायची. पुढे कापाकापीत ठिगळं लावायला ती कामी येते. ताईच्या वाचनाच्या दिवशी मात्र तिने त्याला इतकं हसवलं, की तो ते साफ विसरला. ख्रिस्ती धर्मग्रंथातलं शेवटचं, जगाच्या अंताचं पुस्तक तिने सलग, कुठेही न थांबता वाचलं. महिन्याभरात ती गेली. त्याला दुसरं कुणी नव्हतं. उरला होता तो एवढा आवाज.

आता तो ते ध्वनिमुद्रण तपासत होता. देवाच्या हातातल्या गुंडाळीवरचा सातवा शिक्का फुटतो आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास सगळं शांत होतं, तिथवर ताई आली आणि थांबली. पुढे खरोखरच अर्धा तास काही नव्हतं.

ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. ऐकणाऱ्यांना मशीनच बिघडलंय असं वाटेल, काढून टाका, म्हणाल्या.

त्याने ती शांतता काढली. त्यासरशी पुढच्या सगळ्या प्रकरणांतून ताई नाहीशी झाली. पानं उलटल्याची सळसळ तेवढी राहिली. शांतता परत जोडली, ताई परत आली. एकच मिनिट कापून पाहिलं, तर एक अख्खं पान मुकं झालं.

"आहे तशीच राहू द्या," त्याने बाईंना फोनवर सांगितलं.

"अहो, पण आहे काय तिच्यात?"

ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून भर दुपारी हेडफोन चढवून तो सबंध अर्धा तास ऐकायला बसला.

दहाव्या मिनिटाला, हेडफोनमधूनही कानावर येणारी लिफ्टची खणखण थांबली.

विसाव्या मिनिटाला त्याने हेडफोन काढले. खिडकीखालून बस गेली. आवाज नाही. त्याने टेबलावर थाप मारली. तळहात झणझणला, आवाज नाही.

त्याने घाईघाईने हेडफोन परत चढवले.

तिथे कुणीतरी श्वास घेत होतं. अगदी जवळ.

"उठू नकोस रे," ताई म्हणाली. "थोडंच राहिलंय."

तो बसून राहिला.

ताई गेली त्या दुपारी, त्याने दिलेली प्रत लावून, आपलंच वाचन ऐकत होती. शेजारीणबाईंनी दार उघडलं तेव्हा हेडफोन तिच्या कानांवरच होते.