एकेचाळीस अंगठे

"ताई, मले काढून टाकलं."

सकाळी सव्वाआठला रुखमाबाईंचा फोन आला, तेव्हा शुभांगी नागपुरातल्या घरी चहा गाळत होती. रुखमाबाई म्हणजे करडी भागातल्या पाणकळा महिला मंडळाच्या अध्यक्षा. अठरा वर्षांपूर्वी गाळाने भरलेला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, त्यांनी बाया गोळा करून उपसला होता. तेव्हापासून कोणत्या बांधीला, धानाच्या कोणत्या शेताला, कधी पाणी सुटणार, हे मंडळ ठरवत असे.

"कोणी काढलं?"

"माह्याच बायांनी. एकेचाळीस अंगठे आहेत कागदावर. उद्या अकराले सभा हाये. तिथं पक्कं करतीन."

शुभांगीचा व्यवसाय सल्ल्याचा. गावातून उभ्या राहिलेल्या संस्थांच्या प्रमुखांसोबत बसायचं, त्यांच्या डोक्यातला गुंता ऐकायचा, पुढच्या पाच वर्षांची वाट आखून द्यायची. कार्डावर तिने 'विचारसाथी' असं छापून घेतलं होतं. करडीत तिला 'सल्लेवाली ताई' म्हणत, आणि खरं तर तेच नाव जास्त प्रामाणिक होतं.

दुपारी बारापर्यंत ती रुखमाबाईंच्या ओसरीवर पोचली. रुखमाबाईंनी कागद पुढे केला.

दोन पानं, टाचणीने जोडलेली. पहिल्यावर टाइप केलेला ठराव: अध्यक्षांवर आमचा विश्वास राहिला नाही, त्यांना दूर करून नवीन अध्यक्ष निवडावा. तारीख बावीस जुलै. दुसऱ्या पानावर छापील नावं आणि प्रत्येक नावापुढे निळा अंगठा. ठसे इतके स्वच्छ, की रेघ न रेघ मोजून घ्यावी. या पानाला मथळा नव्हता. पहिल्या पानापेक्षा ते दोन बोटं आखूडही होतं.

"हा आणून कोणी दिला?"

"डाकेनं आला. एक मले, एक मदत देनाऱ्या संस्थेले."

"तुमचा संशय कोणावर?"

"राजकुमारवर. दुसऱ्या कोनाले पडली हाये?"

राजकुमार मासळीचा ठेकेदार. तलाव आपल्याला मिळावा म्हणून तो चार वर्षं मंडळाच्या मागे लागला होता. तो तलावाच्या पाळीवरच भेटला, जाळं सुकवत.

"कागद तुम्ही केला?"

"मी कायले करू, मॅडम?"

"रुखमाबाई गेल्या तर तलाव मिळेल म्हणून."

तो हसला. "मले पाहून बाया दार लावून घेतात. त्या मले अंगठे देतीन? एक-दोन नाही, एकेचाळीस?"

माणूस लबाड होता, पण बोलणं सरळ होतं. शुभांगीने त्याला तिथेच सोडलं.

परतताना रेशन दुकानापाशी गर्दी दिसली. सुंदरबाई, मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासद, यंत्रावर अंगठा दाबत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवत होतं.

"पदराले पुसा अन् दाबा," दुकानदार म्हणाला.

"पुसून काय होते, बाप्पा? महिनाभर चिखलात धानाचे पऱ्हे उपटून बोटं गुळगुळीत झाली. रोवण्यात दरसाली असंच होते." मग शुभांगीकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या उन्हाळ्यातल्या शिबिरात दोन-दोन कागदावर अंगठा घेतला, तवा कसा मस्त उठला होता!"

"सुंदरबाई, रुखमाबाईंच्या विरोधातल्या कागदावर तुम्ही अंगठा दिला?"

म्हातारी खाली पाहू लागली. "साऱ्यायनं देल्ला म्हनते. मीबी देल्ला असन. कागद का एक असते, माय?"

शुभांगीला हे उत्तर बोचलं. असे कागद तिनेही पुष्कळ पुढे केले होते.

मंडळाच्या कार्यालयात खुशबू एकटीच होती. अठ्ठावीस वर्षांची, चटपटीत, मंडळाची सचिव. आईबाप गेल्यावर रुखमाबाईंनीच तिला सांभाळलं, भंडाऱ्याला कॉलेजात घातलं. कपाटाची एक किल्ली रुखमाबाईंकडे असे, दुसरी हिच्या कमरेला.

"खुशबू, मे महिन्यातल्या शिबिराची हजेरी दाखव."

"ती तर तुम्हीच नेली ना, ताई."

"इथे नाही?"

"एकच कागद होता."

"नक्की?"

"एकच होता, ताई."

बाहेर येऊन शुभांगीने मोबाइलमध्ये मे महिन्यातली हजेरी उघडली आणि ठरावाच्या दुसऱ्या पानाशेजारी धरली. मग तिने नागपूरच्या कार्यालयाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी अकराला समाजमंदिरात सभा भरली. एकेचाळीसही जणी आल्या होत्या, रोवण्याचा, भातलावणीचा, खाडा करून. रुखमाबाई पुढे बसल्या होत्या, राजकुमार दारात, खुशबू टेबलाशी.

"हा ठराव खोटा आहे," शुभांगी म्हणाली.

कुजबुज झाली आणि थांबली.

"तारीख बावीस जुलैची. भर रोवण्याची. त्या दिवसांत रेशनचं यंत्रसुद्धा तुमचा अंगठा ओळखत नाही. मग कागदावर एकेचाळीस ठसे असे लख्ख कसे? ते जुलैमधले नाहीतच. बोटं धड असतानाचे आहेत, उन्हाळ्यातले."

बायका आपापल्या बोटांकडे पाहू लागल्या.

"दुसरं, नावांचा क्रम पाहा. कोणी घरोघर फिरून अंगठे घेतले असते, तर आधी एका टोल्यातल्या सगळ्या घरांची नावं लागली असती, मग दुसऱ्या. इथे पहिलं नाव बोडीटोल्याचं, दुसरं करडीचं, तिसरं डोंगरटोल्याचं, आणि शेवटपर्यंत तसंच. हा क्रम माझा आहे. शिबिरात प्रत्येक गटात प्रत्येक टोल्याची बाई यावी म्हणून मी यादी अशी मिसळून छापली होती. हे पान म्हणजे शिबिराची हजेरी. वरचा मथळा कापला, म्हणून ते दोन बोटं आखूड झालं."

"मंग तुमीच केलं का, मॅडम?" राजकुमार दारातून म्हणाला.

"हजेरीच्या दोन प्रती होत्या. सुंदरबाईंना आठवतं, दोनदा अंगठा द्यावा लागला. एक प्रत माझ्या नागपूरच्या कार्यालयात आहे, काल संध्याकाळी मी तिथल्या माणसाला फाइल उघडून पाहायला लावलं. दुसरी इथल्या कपाटात होती. त्याच्या किल्ल्या दोनच. एक रुखमाबाईंची, आणि त्या स्वतःला काढून टाकणार नाहीत." ती टेबलाकडे वळली. "काल तू मला सांगितलंस, कागद एकच होता. का, खुशबू?"

खुशबू रडली नाही. ताठ उभी राहिली.

"तुम्हीच तर लिहिलं होतं, ताई! तुमच्या अहवालात. संस्था एकाच व्यक्तीवर उभी आहे, सहा महिन्यांत सूत्रं तरुणांकडे गेली नाहीत तर मदत चालू ठेवणं जोखमीचं. मला बाजूला घेऊन म्हणालात, तू तयार आहेस. मी रुखमामावशीला तीनदा विचारलं. ती म्हणे, पुढच्या साली पाहू. मदत बंद पडली असती. मग मी काय करायला हवं होतं?"

ते वाक्य शुभांगीने नागपुरात बसून लिहिलं होतं, आणि ते जमलं म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूशही झाली होती. ते कोणाच्या हातात पडेल, याचा विचार विचारसाथीने केला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

"रुखमाबाई, ठराव रद्द झाला," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही अध्यक्ष आहात. होतातच."

रुखमाबाई सावकाश उठल्या. खुशबूकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या बायकांकडे वळल्या.

"गेल्या इतवारी हा कागद मी इथंच वाचून घेतला. एकेकीचं नाव मोठ्यानं वाचलं. तुमी साऱ्या हजर होत्या. मले वाटलं, एक त उठन, म्हनन, बाई, हा अंगठा माहा नाही. कोनी उठलं नाही. मी रातभर मनाले समजावलं, देल्ला म्हनून चूप बसल्या असतीन. आता समजलं, देल्लाच नव्हता. अंगठे पोरीनं चोरले. तुमची तोंडं कोनं चोरली होती?"

रुखमाबाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली काढली.

"अठरा साल, माय. अठरा साल मी समजत होती का आपन सोबत हावो."

मंडळाचा शिक्का आणि किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्या दाराकडे चालू लागल्या. राजकुमारने बाजूला होऊन वाट दिली. सुंदरबाई अर्ध्या उठल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणीच उठत नाही असं दिसल्यावर त्या परत खाली बसल्या.