काटेवाल्याचा रिपोर्ट

"तुमचं मशीन चुकतंय," आमच्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट ठेवत तो म्हणाला.

सकाळच्या गर्दीत असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा त्याचा आकडा होता साडेपाच टक्के, म्हणजे अगदी ठीक. पण घरी, आईच्या मीटरवर, त्याची जेवणानंतरची साखर दोनशेच्या खाली येत नव्हती. मी सगळं खापर मीटरवर फोडलं. त्याने शांतपणे सांगितलं की दुकानांतले वजनकाटे तपासणं हीच त्याची नोकरी, आणि दोन काटे जुळले नाहीत तर तो तिसरा आणतो. बोलताना त्याच्या गालाला खळी पडत होती... मला तिचाही राग आला.

उपाशीपोटी रक्त घेतलं. साखर एकशे चाळीस. मीटर खरा निघाला आणि माझं तोंड एवढंसं झालं. मग आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या हिमोग्लोबिनचा प्रकार तपासायला लावला, तेव्हा गोम कळली. थॅलेसेमिया मायनर, आईकडून आलेला रक्तातला सौम्य दोष. अशा रक्तात लाल पेशी लवकर मरू शकतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, म्हणून आकडा कमी दिसतो. दरवेळच्या अशाच आकड्याच्या भरवशावर तो दोन वर्षं निर्धास्त होता. थोडक्यात वाचला.

गोळ्या सुरू झाल्या. घरचा मीटर चालत असताना लॅबमध्ये यायची काही गरज नव्हती, तरी दर मंगळवारी स्वारी हजर. मी एकदा हटकलंच, तर म्हणाला, "घरी मी स्वतःला फार जोरात टोचतो."

मी हसू दाबलं. मंगळवारी कोणता ड्रेस घालायचा, हे मात्र सोमवारीच ठरायला लागलं.

मग एका मंगळवारी बाही वर करून तो बसला. नजर जमिनीवर.

"आईबाप दोघांनाही मायनर असला तर मुलाला गंभीर, मेजर थॅलेसेमिया होऊ शकतो, असं मॅडम म्हणाल्या."

"हो. म्हणून लग्नाआधी दुसऱ्याचीही तपासणी करतात."

"मग... तुमची झालीये का?"

सुई काढून मी त्याच्या हातावर कापूस दाबून धरला, जरा जास्तच वेळ.

"झालीये."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. माझी मीच केली."

त्याने वर पाहिलं. "मी तर आज विचारतोय."

"तुम्ही विचारेपर्यंत धीर धरवत नव्हता."

"आणि... रिपोर्ट?"

"नॉर्मल," मी म्हटलं. "आता माझ्या आईला भेटायला कधी येताय, ते सांगा."