दोन्ही हात डोक्यावर

सांगतो, पण हसू नका. यवतमाळला सीटी स्कॅनच्या मशीनवर मला अकरा वर्षं झाली. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

त्या मंगळवारी दुपारी अतिदक्षता विभागातून सोनीबाईंना आणलं. दारव्ह्याकडे जीप उलटली होती. शुद्ध नाही, श्वास यंत्रावर, रक्तदाब सारखा उतरतोय. आत कुठेतरी रक्त वाहत होतं, आणि जागा कळल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नव्हते. म्हणून डोक्यापासून मांड्यांपर्यंत सगळ्या अंगाचा स्कॅन.

केसांत चांदीच्या घुगऱ्या होत्या, आम्हा बंजाऱ्यांत नवरा असेतो बाई त्या उतरवत नाही. धातू असला की चित्र बिघडतं. काढा म्हटलं, तर सून संगीता आडवी आली.

"नाही भाऊ. सासरे जिते हायेत घरी. घुगरी कशी काढू?"

"मीबी तांड्यावरचाच हाव, बाई. खाली नाही ठेवत, मुठीत धरतो. पण आता टाइम नाही..."

तिने रडत रडत त्या सोडवल्या. माझ्या मुठीत आल्या आणि किणकिणल्या. त्या आवाजाने मी पार लहान झालो. तुरीच्या शेतात मी हरवलो की याडी, म्हणजे माझी आई, जागेवर उभी राहून मान हलवायची. घुगऱ्यांच्या आवाजावर मी धावत जायचो आणि तिच्या घागऱ्यात तोंड खुपसायचो. चुलीच्या धुराचा वास यायचा. ती बैलगाडीवरून पडली, पोट धरून तीन दिवस कण्हली आणि गेली. आत काय फाटलंय ते कुणाला कळलंच नाही. मी नऊ वर्षांचा होतो. त्याचा मला अजून राग येतो.

सोनीबाईंचे दोन्ही हात डोक्यावर नेऊन पट्ट्याने बांधले. पोटाच्या चित्रात हात येऊ नयेत म्हणून आम्ही प्रत्येकाचे तसेच ठेवतो. मग काचेआड येऊन बसलो. आत त्या एकट्याच. माइकमधून मशीनची घरघर ऐकू येत होती. आणि मग... किणकिण.

घुगऱ्या माझ्या डाव्या मुठीत होत्या. मूठ घट्ट मिटलेली होती.

पडद्यावर पहिलं चित्र हळूहळू उमटलं. डाव्या बरगड्यांखाली एक तिसरा हात टेकलेला. कोपरापर्यंत बांगड्या. करंगळी वाकडी. कडबाकुट्टीत सापडून वाकडी झालेली ती करंगळी धरून मी दारव्ह्याचा बाजार फिरलोय.

"याडी..."

काचेपलीकडे कुणी नव्हतं. धुराचा वास तेवढा आला. पुढच्या चित्रांत हात नव्हता, पण तो टेकला होता तिथेच फाटलेली प्लीहा दिसली. ऑपरेशन वेळेत झालं आणि सोनीबाई वाचल्या. घुगऱ्या मी संगीताच्या हातात दिल्या आणि जिन्यात बसून पोटभर रडलो. आई भेटल्याचं रडू होतं ते.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगतोय, कारण गेला महिनाभर माझ्या पोटात जळजळ होते. डॉक्टरांनी छाती-पोटाचा स्कॅन लिहून दिला. परवा दुपारी, माझ्याच मशीनवर, सोबतच्या नयनने मला झोपवलं.

"कायले घाबरून राह्यले, भाऊ? पेशंटले तर रोज सांगता, दोन मिनिटाचं काम हाय म्हणून."

मी आडवा झालो. डोळे मिटले. घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने धुराचा वास आला... आणि माइकवर नयन वैतागून म्हणाला,

"सुनीलभाऊ, छातीवरचा हात काढा न."

माझे दोन्ही हात डोक्यावर होते.