उद्धवसाहेबांची पाच मिनिटं

नौशादला तुम्ही सगळे ओळखता. स्टँडवर जीप लावून दिवसभर चहा ढोसतो, तोच. फुशारक्या मारण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण ही गोष्ट तो स्वतःहून कधीच काढत नाही. मला सांगितली तेव्हा लहान पोरासारखा रडत होता, म्हणून मी ती खरी धरतो. आता लाईट गेलीच आहे, तर ऐका. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

१८ डिसेंबर २०१७. सोमवार, अमावस्या. त्या दिवशी इथं नांदुऱ्यात उद्धवसाहेबांची तेरवी होती. बँकेत शेतीचं काम बघणारे अधिकारी, अगदी देवमाणूस. पंगती उठता उठता रात्र झाली आणि रोहिणखेडहून आलेल्या म्हाताऱ्या शेतकरीण अन्नपूर्णाबाईंची शेवटची एसटी निघून गेली. साहेबांच्या पत्नी, स्नेहलतावहिनी, दारात येऊन म्हणाल्या, "नौशाद, आजींना घरापर्यंत सोडून येता का?"

"हाव वहिनी, आलोच सोडून."

नौशादची जीप आठ वर्षं बँकेकडे भाड्यानं होती. साहेबांना गावोगाव तोच फिरवायचा. त्या साली बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. साहेब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून एकेकाचं ऐकून घ्यायचे. कुणाच्या पोरीचं लग्न मोडलेलं, कुणाचा म्हातारा आठ दिवस तोंडातून शब्द काढत नाही. साहेबांच्या हातात काय होतं? कागद वर पाठवायचे आणि ऐकायचं. ऐकून ऐकून माणूस आतून थकत गेला हो.

घरी मात्र हसत जायचे. त्याची एक रीत होती, ती फक्त नौशादला ठाऊक. परतताना नांदुऱ्याच्या अलीकडं नाल्यावर एक पूल लागतो. तिथं जीप थांबवायला लावायचे आणि एकटेच कठड्यावर जाऊन बसायचे. पाच मिनिटं. ओठ हलायचे. मग उठून म्हणायचे, "चल, ठेवलं सगळं इथंच. घरी नाही न्यायचं." दार उघडलं की छोटी नीरजा गळ्यात पडायची, आणि साहेबांचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं.

शेवटच्या दिवशी नौशादनं पुलावर जीप थांबवलीच नाही. बायकोला, आसमाला, माहेरच्या लग्नाला न्यायचं होतं. "साहेब, आज राहू द्या ना. मले उशीर होऊन राह्यला." साहेब एवढंच म्हणाले, "बरं, चल." त्या रात्री ते घरी कुणाशी हसले नाहीत, जेवले नाहीत. रात्रीतूनच छातीत कळ आली आणि गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. नौशाद म्हणाला, मी. तेव्हापासून त्याला भाकर गोड लागली नव्हती.

तर जीप निघाली. वाटेतलं मोताळा मागं पडलं. तिचं गाव जवळ आलं तशी म्हातारी एकदम बोलली.

"साहेबानं माह्यं समदं ऐकलं रे बापा. मी मोकळी झाली. पण त्यायले मी काऊन नाही इचारलं, तुमचं कसं हाय म्हनून?"

नौशादनं गाडीचा वेग वाढवला.

साडेदहाला तिला दारात उतरवलं आणि तो एकटाच परत फिरला. मोताळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. त्याच्या पुढं जीप जड झाली. सपाट रस्ता, रिकामी गाडी, तरी ओढेना. गिअर उतरवला. तरी नाही.

मागची सीट करकरली.

नौशादनं आरशात पाहिलं नाही. मान ताठ. हात स्टिअरिंगवर. तोंडात अल्लाचं नाव.

पावणेबारा. पूल आला. इंजिन आपोआप बंद पडलं.

मागचं दार उघडलं... हळू. जीप थोडी वर उचलली गेली. कुणी उतरलं की उचलली जाते ना, तशी.

अंधार. वारा नाही. नाल्यात पाणी नाही.

कठड्याकडून एक लांब श्वास ऐकू आला. दमलेल्या माणसाचा. मग कुजबुज.

"...गुलाबराव..."

पुन्हा श्वास.

"...चांगुणा... कचरू..."

साहेबांनी ज्यांचं ऐकलं, त्यांचं एकेक नाव. प्रत्येक नावानंतर श्वास. खांद्यावरचं ओझं एकेक करून उतरवावं, तसं. "...अन्नपूर्णाबाई..." नौशादला घाम फुटला होता. किती नावं झाली, त्याला सांगता येत नाही. आणि मग, अगदी शेवटी...

"...नौशाद..."

त्याचा बांध फुटला. "साहेब... चुकलं माह्यं. पाच मिनटं... पाच मिनटं थांबलो असतो तं..."



बऱ्याच वेळानं मागचं दार लागलं. या वेळी जीप दबली नाही. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं, आणि नांदुऱ्यापर्यंत गाडी पिसासारखी हलकी पळाली. साहेबांच्या घरासमोर ती मिनिटभर आपली आपण थांबली. नौशादनं मागं वळून पाहिलं नाही. घरी जाऊन गोधडीत शिरला.

सकाळी सहाला वहिनींचा फोन. "नौशाद, जरा येता?"

तो गेला. नीरजा अंथरुणावर बसली होती. बाप गेल्यापासून त्या पोरीनं केसांना कुणाला हात लावू दिला नव्हता, आईलाही नाही. आदल्या रात्री मोकळ्या, गुंतलेल्या केसांनीच झोपली होती. दाराची कडी आतून लावलेली, रात्री वहिनींनी स्वतः लावलेली.

पोरीच्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. एक वर, एक खाली. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी साहेबच तिच्या वेण्या घालायचे, आणि दोन्ही सारख्या त्यांना कधी जमल्याच नाहीत.