चाळीस मिनिटं दाबलेलं बटण

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. तेवढं त्राणच उरलेलं नाही अंगात.

जुलैचा दुसरा गुरुवार. संध्याकाळचे सात. कालामा गाव, खाणीच्या वसाहतीतलं आमचं घर.

जुलैत आमच्याकडे कडाक्याची थंडी असते. वाळवंटातली, कोरडी, हाडांत शिरणारी. आमारो तेव्हा चार महिन्यांचा होता, आणि त्या चार महिन्यांत मी सलग दोन तास झोपले नव्हते. माझा नवरा दानिलो सात दिवस खाणीवर असतो, सात दिवस घरी. तो आठवडा खाणीवरचा होता.

म्हणजे घरात मी आणि बाळ. तिसरं कुणी नाही.

खाणीतल्या आम्हा कामगारांचा एक हौशी रेडिओ क्लब आहे. वेल्डर, क्रेनवाले, माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या बायका, काही निवृत्त मंडळी. दर गुरुवारी सातला हजेरी. एकाने आपल्या घरून नावं पुकारायची, बाकीच्यांनी आपापल्या घरून उत्तरं द्यायची, मग क्लबच्या सूचना वाचायच्या. त्या दिवशी पुकारायची पाळी माझी होती.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माइकचं बटण दाबलेलं असलं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं. पण तेवढा वेळ आपल्याला कुणाचंच ऐकू येत नाही.

बाळ मांडीवर असलं की मला हात कमी पडायचा. म्हणून मी बटणावर रबरबँड चढवायचे आणि बोलून झालं की काढायचे. निबाल्दोकाका, आमचे निवृत्त वेल्डर, त्यावरून कायम टोमणे मारायचे. म्हणायचे, "पोरी, एक दिवस डोळा लागेल तुझा, आणि तुझं घोरणं अख्ख्या वाळवंटाला ऐकवशील."

तसंच झालं.

हजेरी संपली. मी रबरबँड चढवला आणि सूचना वाचायला घेतल्या. शनिवारी अँटेनाचा खांब रंगवायचा आहे, ब्रश आपापले आणा...

त्यापुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा आठला दहा कमी होते. डोकं फुटेल असं दुखत होतं. खोली गारठली होती.

रॉकेलची शेगडी विझलेली.

खिडकी सताड उघडी...

ती खिडकी मी माझ्या हातांनी लावली होती. वाऱ्याबरोबर वाळू येत होती, म्हणून फटीत टॉवेलही कोंबला होता. रॉकेलची शेगडी पेटवून खोली बंद करायची नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण त्या दिवशी डोकं चालतच नव्हतं.

मांडी रिकामी होती.

आमारो पाळण्यात होता. शांत झोपलेला. नीट गुंडाळलेला, पण मी गुंडाळते तसा नाही.

मला वाटलं, ओरिएता येऊन गेली. ती आमच्या गोदामात काम करते, दोन गल्ल्या सोडून राहते, घराची किल्ली असते तिच्याकडे. मी रबरबँड काढला. रेडिओवर आधी निबाल्दोकाकाच आले. "उठल्या का महाराणी?" मागे दोघंतिघं हसत होते.

मग ओरिएता म्हणाली, "आईला सांग हं, गोड गुणगुणतात. बरं झालं बाई, त्या आल्या ते."

माझी आई ओवाल्येत असते. बसने अख्ख्या दिवसाची वाट.

तरी मी फोन केला. ती बिंगो खेळत होती. एकच आकडा राहिलाय, काय ते नंतर बोल, म्हणून माझ्यावरच करवादली.

ओरिएताने मग सगळं सांगितलं. माझं बोलणं मध्येच थांबलं. बाळ रडायला लागलं. सगळे ओरडून हाका मारत होते, पण बटण दाबलेलं, मला ऐकू कसं येणार? फोन केले. माझा फोन लंगोटांच्या ढिगाखाली मुका पडला होता. शेवटी ती कोट घालून निघालीच होती.

तेवढ्यात रेडिओवर बाईचा आवाज आला. घरात मोठं माणूस आहे म्हणून सगळे निर्धास्त झाले.

तिने कोट काढून ठेवला. तो कोट काढल्याबद्दल ती अजून स्वतःला बोल लावते.

एलेउतेरिओ, आमचा क्रेनवाला, प्रत्येक हजेरी कॅसेटवर उतरवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी क्लबच्या खोलीत आम्ही चौघांनी ती ऐकली. आमारोला मी छातीशी धरलं होतं.

आधी माझा श्वास. जड.

मग आमारोचं रडणं. खूप वेळ. मी तिथेच होते, हातभर अंतरावर, आणि माझं पोर रडत होतं. मला ते ऐकवेना.

माझा श्वास मंद होत गेला...

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. एकदम माइकजवळ आवाज आला.

"तू झोप. मी घेते त्याला."

अनोळखी आवाज. भीतीदायक म्हणावा तर तसाही नाही. माझ्याइतकाच थकलेला.

रडणं थांबलं. खिडकीची कडी सरकली. मग गुणगुणणं. चाल कुणाच्याच ओळखीची नव्हती.

मग दार उघडलं. गुणगुणणं बाहेर गेलं... लांब गेलं... ऐकू येईनासं झालं.

त्यानंतर नुसता माझा श्वास.

एलेउतेरिओने घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. मग पुन्हा दार. पावलं. पाळण्याची एक करकर.

निबाल्दोकाकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एरवी प्रेतयात्रेतही थट्टा करणारा माणूस.

मी तिथे एक गोष्ट सांगितली नाही. आदल्या संध्याकाळी आमारोचे मोजे काढले, तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांत वाळू होती. पांढरी, खारट. तसली वाळू वसाहतीत नाही, ती लांब मिठागरात आहे.

पाय मात्र गरम होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास ती खोली बंद राहिली असती तर तुम्ही दोघंही वाचला नसतात. दानिलो सुट्टीवर आला, कॅसेट ऐकली, बराच वेळ बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "कोण का असेना, तिने वाचवलं ना तुम्हाला? सोड आता."

मी म्हटलं, "वाचवलं, मान्य. पण परत आणायला अकरा मिनिटं का लागली?"

एवढ्या गारठ्यात कुणी तान्ह्या बाळाला का नेईल? नेलंच, तर परत का आणलं? की तेवढा वेळ ती, आणावं की नाही, हेच ठरवत होती?

शेगडी आम्ही टाकून दिली. माझा रेडिओ क्लबला देऊन टाकला. माझ्या हजेरीच्या पाळ्या आता ओरिएता करते.

हा सप्टेंबर. आमारो सहा महिन्यांचा झालाय. दात येताहेत त्याला. दानिलो पुन्हा खाणीवर. तीन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मघाशी हे लिहिता लिहिता तो आतल्या खोलीत रडायला लागला. म्हटलं, एवढं संपवते आणि उठते.

आता तो रडत नाहीये...

उठायला हवं. कळतंय मला. धावत जायला हवं.

पण खरं सांगू? रडणं थांबलं तेव्हा... क्षणभर मला बरं वाटलं.