उंबऱ्याबाहेरचं पाऊल

खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या घरात घडलंय, आणि तेव्हा मी नऊ वर्षांची होते, कळत्या वयाची.

जानेवारी १९५६. लालबागची चाळ, तिसरा मजला. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता.

माझे बाबा, गणपत, गिरणीत कामाला. त्यांचे धाकटे भाऊ, आनंदाकाका, गणपतीच्या मूर्ती करायचे. त्या वर्षी ते दादरच्या एका स्टुडिओत सिनेमासाठी बाहुली चालवायला शिकत होते. बाहुली केसभर हलवायची, कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर. फिल्म धुऊन आली की बाहुली आपोआप चालताना दिसते.

काकांची बाहुली बदकासारखी चालायची. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, आधी माणसाची चाल बघ. मग काकांनी बाबांनाच धरलं. बाबा डावा पाय जरा ओढत चालायचे. काका त्यांना गॅलरीतून दारापर्यंत चालवायचे आणि मध्येच थांबवायचे.

"मी 'ये' म्हणेपर्यंत हलायचं नाही, दादा."

बाबा पाय उचलून हसत उभे राहायचे. आई म्हणायची, दोघांनाही वेड लागलंय.

त्या सकाळी बाबा उंबऱ्यावर असाच पाय उचलून उभे होते. तेवढ्यात खालून ओरडा आला. शेजारचा रघु संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाच्या गर्दीत सापडला होता. काका म्हणाले, जा, शेवटचं पाऊल संध्याकाळी घेऊ. बाबा रघुला आणायला धावले.

दुपारी गोळीबार झाला.

रघु परत आला. बाबा नाही.

काका इस्पितळात जाऊन प्रेत ओळखून आले. कर्फ्यूत बाबांना घरी आणताच आलं नाही. आई दाराकडे बघत बसून राहिली.

तिसऱ्या संध्याकाळी गॅलरीत पावलं वाजली...

एक नीट.

एक ओढत...

दाराशी थांबली. आईने दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

मग रोज तेच.

कर्फ्यू उठल्यावर काका स्टुडिओत गेले. बाहुली पाय उचलून तिच्या छोट्या खोलीच्या लाकडी उंबऱ्याशी तशीच उभी होती. काकांनी ती केसभर, केसभर हलवत खोलीत आणली. स्वतःच्या हाताने.

फिल्म धुऊन आली.

पडद्यावर बाहुलीने पाय उचलला... आणि परत बाहेरच टेकवला.

काकांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी बाहुली चालवलीच नाही, सुरुवातीपासून खोलीच्या मधोमध उभी केली. पडद्यावर खोली रिकामी होती. दाराबाहेर एक उचललेला पाय तेवढा दिसत होता...

त्या दिवसापासून काका संध्याकाळी दारात बसून "ये दादा" म्हणू लागले. आवाज बसेपर्यंत म्हणायचे. एकदा आईने त्यांच्यापुढे पदर पसरला.

"भावजी, तुम्हीच थांबवलात. ह्यांका आत घेवा."

"वयनी, मी रोज बोलवतंय. दादाच येणा नाय."

काका लहान मुलासारखे रडले. मी पहिल्यांदाच बघत होते.

आई गेली, काका गेले. मी त्याच खोलीत राहते. संध्याकाळी दार उघडं ठेवते आणि "या बाबा" म्हणते. माझेच बाबा, तरी अंगावर काटा येतो.

पावलं अजून येतात. दाराशी थांबतात.

परत जाताना मात्र... एकदाही ऐकू आलेली नाहीत.