मृतांच्या दिवसाचा खाऊ

"बेटावर बघण्यासारखं काय काय आहे?" त्याने मला विचारलं, तेव्हा बोट निम्म्या वाटेवर होती आणि बोटीतल्या प्रत्येकाच्या हातात शेवंतीची फुलं होती.

"माझे बाबा आहेत," मी म्हटलं. "पण हल्ली ते फारसं बोलत नाहीत."

त्याने आजूबाजूला पाहिलं. काळे कोट, फुलं, रडून सुजलेले डोळे... आणि त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, व्हेनिसमध्ये स्मशानबेटाची बोट फुकट असते. फुकट म्हटल्यावर हा बिचारा सहल समजून चढला होता!

"माफ करा... खरंच," म्हणत त्याने खिशातून गडबडीने एक पुडी काढली. "घ्या ना. दुकानात सगळ्यात स्वस्त हीच होती."

पुडीत फावे होते. बदामाचे इवलेसे गोळे, गुलाबी, पांढरे, तपकिरी. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"हे आज कोण कुणाला देतं, ठाऊक आहे?"

"कोण?"

"आमच्याकडे मुलगा देतो. जिच्याशी लग्न ठरलंय, तिला."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... परत घेऊ?"

"दिलेलं परत घेत नाहीत," मी म्हटलं आणि एक तोंडात टाकला.

त्याचं नाव रोक्को. दक्षिणेतल्या डोंगराळ गावात फरशा बसवायचं काम करायचा. बेटावर उतरल्यावर मी काही न सांगता तो नळावरून बाबांच्या फुलांसाठी पाणी घेऊन आला. बाबांच्या थडग्याची जागा पुढच्या वर्षी रिकामी करायची होती. आमच्या गावात मेल्यावरसुद्धा मुदतीनेच राहायला मिळतं. हे सांगितल्यावर तो उगाच काहीबाही बोलला नाही. तिथेच तो मला आवडला.

परतताना त्याने आईबद्दल सांगितलं. दोनाता शिवणकाम करायची. व्हेनिस एकदा बघायचं, एवढाच तिचा हट्ट. आणि तिची नजर जात चालली होती. वसंतापर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कमीत कमी खर्चात तिला काय काय दाखवता येईल, ते बघायला तो आधी एकटा आला होता.

मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला. गावात किती पाहुणे आहेत, ते मला चादरींच्या ढिगावरून कळतं. "नाताळचे सण उरकले की ढीग एकदम खाली बसतो," मी म्हटलं. "तेव्हा खोल्या मातीमोल. पण तू तेव्हापर्यंत थांबू नकोस. आत्ताच आण तिला."

"आत्ता परवडत नाही गं."

दिवसभर मी त्याला फिरवलं. नन्सच्या मठातली स्वस्त खोली दाखवली. उभं राहून प्यायची ती वाइन पाजली, कारण बसलं की दाम वाढतात. मोठा कालवा ओलांडायच्या साध्या होडीत तो डगमगला आणि त्याने माझी बाही धरली. काठ आला तरी सोडली नाही. निघताना आईसाठी त्याने फाव्यांची आणखी एक पुडी घेतली.

मग रोज फोन.

"मठाजवळच्या पुलाच्या पायऱ्या किती उंच आहेत?"

"हे विचारायला फोन केलास?"

"नाही... पण सुरुवात कुठून तरी करायला हवी ना!"

डिसेंबरात एकदा त्याचा फोन आला. "ओर्सोला... गेली नजर," तो म्हणाला. "तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. काय करू?"

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ते आले तेव्हा धुकं होतं. आमचं जानेवारीचं धुकं, भिंतीसारखं. दोनाता काठावर उभी होती, काळा कोट घालून, केस नीट विंचरून. तिच्या कानाशी रोक्को सांगत होता, "समोर चर्च आहे, आई. पांढरा घुमट... त्यावर ऊन पडलंय..." माझ्याच्याने ते ऐकवेना.

"रोक्को, पुरे. सिन्योरा, समोर काहीच नाही. धुकं पडलंय. मला माझे बूटसुद्धा धड दिसत नाहीत."

रोक्कोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला धक्काच दिला होता.

"म्हणजे एवढा खर्च करून तुम्हालाही काही दिसत नाही?" दोनाता हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. "वर्षभर आधी आले असते तर... तेव्हा म्हटलं, आधी छप्पर दुरुस्त करू." ती खूप वेळ रडली. आम्ही दोघं दोन बाजूंना तिचे हात धरून उभे राहिलो. तिला द्यायला आमच्याकडे काहीही नव्हतं.

मग तिने नाक पुसलं आणि पिशवी चाचपून एक पुडी काढली. तीच, नोव्हेंबरातली.

"हा म्हणाला, चुकून एका मुलीला दिले. मग रोज त्या मुलीला फोन करून पायऱ्यांची उंची विचारायला लागला. तेव्हाच म्हटलं, हे आपण खायचे नाहीत. घे रे. आता चुकून नको, ठरवून दे."

रोक्कोने पुडी उघडली. गोळे खडखडीत वाळले होते. "ओर्सोला... मी फरशा बसवतो. घर डोंगरात आहे. आई आंधळी आहे. आणि..."

"आणि बडबड फार करतोस," मी म्हटलं. एक फावा उचलून तोंडात टाकला. तो दाताने फुटेना. माझे डोळे भरून आले.

"घेतला का तिने?" दोनाताने विचारलं. "अरे, मला दिसत नाही. कुणीतरी सांगा ना!"

मी तिचा गार हात उचलला आणि माझ्या फुगलेल्या, ओल्या गालावर ठेवला.